मधुमेही गर्भवतीची रात्र

दिवस गेलेली सून झोप लागत नाही म्हणाली, की घरच्या वडीलधाऱ्या बायका हसून म्हणतात, "बाळ झाल्यावर तरी कुठे लागणार आहे!" यात माया आहे, हे खरे, परंतु तिला मधुमेह असेल, तर ही थट्टा महागात पडावयाची, असे आम्हांस वाटते.

गर्भाचा भार मूत्राशयावर पडत असल्याने प्रत्येक गर्भवतीस रात्री उठावे लागते. त्यात रक्तातील साखर वाढली म्हणजे मूत्रपिंडे ती पाण्यासह बाहेर टाकतात. मग तहान, मग पाणी, मग पुन्हा उठणे. याउलट, इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीची साखर रात्री एकाएकी उतरू शकते. दरदरून घाम, धडधड, भयंकर स्वप्ने, सकाळी जड डोके, ही लक्षणे दृष्ट काढण्याची नव्हेत. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी, १५ मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी, आणि डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपली असेल, तर मात्र तोंडात काहीही न घालता तात्काळ दवाखाना गाठावा. उपवासकाळात इन्सुलिन घेऊन उपाशी निजणाऱ्या भगिनी आहेत. गर्भवतीवर ख्रिस्तसभा उपवासाचे बंधन घालीत नाही, हे त्यांना कुणीतरी सांगावयास हवे.

अपुऱ्या झोपेने साखर वाढते, हेही आता दिसून आले आहे. झोप मोडली की शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात आणि इन्सुलिनचा प्रभाव उणावतो. घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर हेच रात्रभर वारंवार घडते. अशा स्त्रियांत गर्भारपणीचा मधुमेह आणि रक्तदाब अधिक आढळतो. पाय वळवळून झोप येत नसेल, तर रक्तातील लोह तपासून घ्यावे. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून उताणे न निजता कुशीवर निजावे.

मधुमेह आहे की नाही, हे कळावयास सरकारी दवाखान्यातील तपासणी साधी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त पाहतात. साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक भरली, तर उपचार सुरू होतात. पहिल्या भेटीत ती करावी. त्या वेळी काही न आढळल्यास २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करावी.

राहता राहिले घर. जेवण जपमाळेनंतर फार उशिरापर्यंत लांबू नये, पहाटेचे पाणी दुसऱ्या कुणी भरावे, आणि दुपारी तिला तासभर पडू द्यावे. आपण घोरतो, हे निजलेल्या माणसास कळत नाही. तेव्हा तपासणीच्या दिवशी नवऱ्याने बरोबर जावे आणि डॉक्टरांपुढे लाज न धरता तेवढे सांगावे.