बघा बरं, काय दिसतंय?

आपल्या नावाची एक खूण असावी, ही हौस फार जुनी. न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याची खूण बघा. पाय फाकवून उभा असलेला रुंद ‘ए’ आणि त्याच्या दोन पायांमध्ये, आईच्या पदराआड मूल उभं राहावं तसा छोटासा ‘डी’. सावली नाही, नक्षी नाही. आजच्या भाषेत चक्क फ्लॅट लोगो! इटलीच्या मार्कांतोनिओ रायमोंदीने ड्यूररची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर उतरवली, ती या खुणेसकट. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीने लिहून ठेवलंय की ड्यूरर तक्रार घेऊन थेट व्हेनिसला गेला. निकाल काय लागला? चित्रांची नक्कल केली तर करा, खूण मात्र वापरायची नाही. चित्रांपेक्षा दोन अक्षरं मोलाची ठरली.

चित्रकार व्हिसलरने आपल्या आद्याक्षरांचं फुलपाखरू केलं आणि पुढे त्याच्या शेपटीला नांगीही लावली. गायक प्रिन्सने १९९३ मध्ये नावच टाकून दिलं आणि त्या जागी एक चिन्ह घेतलं. ते छापायचं कसं? मग वृत्तपत्रांना त्या चिन्हाचा फॉन्ट फ्लॉपीवर पाठवावा लागला.

आपल्याकडे तर या खुणांनी भाषेला शब्दच दिलाय. आपण सहज म्हणतो, ‘अखेर शिक्कामोर्तब झालं’. पण शिक्का वेगळा आणि मोर्तब वेगळं! शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर अष्टकोनी राजमुद्रा असते. तिच्यावरचा मजकूर संस्कृतात, तोही फारसी शिक्क्यांचा रिवाज असलेल्या काळात. पत्र जिथे संपतं तिथे छोटं मोर्तब, ‘इथे मर्यादा आली’ अशा अर्थाचं. त्याखाली मागाहून कुणी एक ओळही घुसडू नये म्हणून. सुंदर दिसणारी आणि कामही करणारी खूण म्हणजे काय, हे मला तरी यापेक्षा चांगलं कुठे सापडलं नाही.

देवनागरीत आद्याक्षरांची आणखी एक गंमत आहे. इंग्रजीत ‘पी. एल.’ असतात ते मराठीत ‘पु. ल.’ होतात, अक्षर येतं ते आपला उकार सोबत घेऊनच. ग. दि. माडगूळकरांची आद्याक्षरं तर जोडली जाऊन ‘गदिमा’ असं सुरेख नावच झालं. शिवाय दोन अक्षरांना बांधायला शिरोरेघ आयतीच मिळते. २०१० साली आलेलं रुपयाचं चिन्ह आठवा: देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ एकाच शिरोरेघेखाली बसवले आयआयटी मुंबईच्या डी. उदय कुमार यांनी.

सपाट चित्रांची ताकद आपण प्रत्येक निवडणुकीत बघतो. १९५१-५२ मध्ये बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून चिन्हं आली. निवडणूक आयोगाचे एम. एस. सेठी वर्षानुवर्षं ती काढत होते. रोजच्या वापरातल्या वस्तू, काळ्या रेघेत. लांबून, गर्दीत, घाईत ओळखू आल्याच पाहिजेत अशा.

आता लोगो मोबाइलमध्ये नखाएवढा होतो आणि ब्राउझरच्या टॅबवर तर १६ गुणिले १६ ठिपक्यांत मावावा लागतो. मी आलेखाच्या वहीत तेवढ्या चौकटी आखून स्केचपेनने माझ्या नावातला ‘वि’ भरायला बसले. शिरोरेघेला दोन ओळी गेल्या, वेलांटीला चार. ‘व’ला उरल्या दहा. त्याच्या गोलाच्या पोटात एकच चौकट मोकळी राहिली, आणि वही हातभर लांब धरली की तीही बुजायची.

मग दाखवायची वेळ आली. इथेच बहुतेक जण चुकतात, कारण ते विचारतात, ‘आवडलं का?’ त्यावर माणसं भिडेखातर ‘छान’ म्हणतात. नायकेची खूण १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने ३५ डॉलरमध्ये केली, आणि कंपनीच्या फिल नाइटला ती तेव्हा काही फारशी आवडली नव्हती! उलट गॅप या कपड्यांच्या कंपनीने २०१० मध्ये नवा लोगो आणला, लोक इतके भडकले की आठवड्याभरात जुनाच परत आला. विचारावं ते ‘काय दिसतंय?’ पॉल रँडने १९६१ मध्ये यूपीएस या पार्सल कंपनीसाठी ढाल आणि वर दोरीने बांधलेलं पुडकं असं चिन्ह काढलं आणि आपल्या लहानग्या मुलीला दाखवलं. ती म्हणाली, हे तर गिफ्ट आहे! झालं, पोरीने पास केलं. ते चिन्ह २००३ पर्यंत चाललं.

मी वही आईपुढे धरली. ‘काय दिसतंय गं?’

‘कुलूप,’ आई म्हणाली. भाजी निवडणं चालूच.

तिचं बरोबर होतं. वेलांटीची कमान म्हणजे कडी, खालचा गच्च ‘व’ म्हणजे कुलपाचं अंग. मी कमान उजव्या दांड्याच्या एक चौकट अलीकडे थांबवली आणि ‘व’चं पोट दोन चौकटी रुंद, तीन उंच असं मोकळं केलं. संध्याकाळी शेजारची दुसरीतली पोर आली. तिला काही न सांगता वही पुढे केली.

‘वि,’ ती म्हणाली. ‘विमानातला.’