हजेरीपट आणि लिनक्सचे छोटे हुकूम

पडद्यावरील चित्रांवर टिचकी मारून काम करण्याची आता सर्वांना सवय झाली आहे. परंतु काळ्या पडद्यावर हुकूम लिहून संगणकाकडून काम करून घ्यावयाचे म्हटले, की ते इंजिनियर लोकांचे काम, असे आपण धरून चालतो. हा गैरसमज आहे. उत्तनचा मच्छीमार काय किंवा भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यातील कामगार काय, दोघांचेही पोट कोणाच्या तरी हिशेबवहीवर अवलंबून असते. ती वही आता संगणकात गेली आहे. तिला प्रश्न कसा विचारावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली प्रसिद्ध केला. त्याच्या जोडीची लहान अवजारे रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. दोहोंचा आदर्श मात्र त्याहून जुना, अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत 1969 साली सुरू झालेली युनिक्स. तेथे 1973 साली डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन टॉमसन यांनी 'पाइप' आणला. पाइप म्हणजे एक उभी रेघ. तिच्या डावीकडील हुकुमाचे उत्तर उजवीकडील हुकुमाच्या हाती जाते. हे सारे फुकट वापरता येते आणि जुन्या यंत्रावरही चालते. वर्गणीवर चालणाऱ्या युनियनला ही गोष्ट लहान नव्हे.

आता हजेरीपट घ्या. 'हजेरी' नावाच्या साध्या फाइलीत प्रत्येक ओळीवर तारीख, मग स्वल्पविराम, मग कामगाराचा क्रमांक आहे. महिन्यात कोण किती दिवस कामावर आला? हुकूम असा :

कट डॅश-डी, डॅश-एफ2 हजेरी | सॉर्ट | युनिक डॅश-सी

येथे आम्ही उच्चार दिले आहेत. टंकताना अक्षरे रोमन आणि लहान हवीत, आणि युनिक हा यू-एन-आय-क्यू असा टंकावा. 'डॅश-डी' नंतरचा स्वल्पविराम हुकुमाचाच भाग आहे : रकाने त्याने वेगळे केले आहेत, असे तो सांगतो. कट दुसरा रकाना, म्हणजे क्रमांक, कापून काढतो. सॉर्ट ते ओळीने लावतो. युनिक एकसारख्या ओळींची एक ओळ करून तिच्यापुढे संख्या मांडतो.

मधला सॉर्ट कशाला, असे पुष्कळजण विचारतात. उत्तनच्या किनाऱ्यावर डोल जाळे रिकामे होते तेव्हा बोंबील, मांदेली, जवळा, कोळंबी यांचा एकच ढीग पडतो. आमच्या बायका आधी तो निवडतात, मग पाट्या मोजतात. न निवडलेल्या ढिगाची कोण मोजणी करील? युनिकचेही तसेच. तो फक्त लगतच्या ओळी ताडून पाहतो. सॉर्ट गाळला तर एकच क्रमांक दहा ठिकाणी वेगवेगळा मोजलेला दिसेल, आणि यंत्र चूक झाल्याचे सांगणारही नाही.

दुसरा हुकूम कॉम, सी-ओ-एम-एम. आमच्या मते कामगार चळवळीला याच्याइतका उपयोगी हुकूम दुसरा नाही. एका यादीत पगारातून प्रॉव्हिडंट फंडाची कपात झालेल्यांचे क्रमांक. दुसरीत ज्यांच्या नावे फंडात भरणा झाला त्यांचे. दोन्ही सॉर्ट करून 'कॉम डॅश-23 कपात भरणा' असा हुकूम दिला, की पहिल्या यादीत असलेले पण दुसरीत नसलेले क्रमांक तेवढे उरतात. पैसे कापले गेले आणि पोहोचले नाहीत, ती ही माणसे. एका कारखान्यात अशी सात निघाली. सातांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते!

मात्र एक सावधगिरी. विंडोजच्या यंत्रावरून आलेल्या फाइलीत दर ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण असते. डोळ्यांना दोन क्रमांक सारखे दिसतात, कॉमला ते निराळे वाटतात, आणि सगळा कारखानाच थकबाकीत निघतो. अशी यादी घेऊन मालकासमोर बसाल तर हसे होईल. म्हणून आधी 'डॉस-टू-युनिक्स' या अवजाराने फाइल साफ करावी. ते नसल्यास बसवून घ्यावे. त्याच्या नावातील 'टू' हा दोनचा आकडा आहे.

हे काम पडद्यावर रकाने सरकवूनही होते, हे खरे. पण मग कोणी काय सरकविले याचा मागमूस राहात नाही. हुकुमाची ओळ कागदावर उतरविता येते. वाटाघाटीच्या टेबलावर मालकाचा हिशेबनीस तीच ओळ आपल्या फाइलीवर चालवू शकतो. दोघांची फाइल एक असेल तर उत्तर एकच येते, आणि नसेल तर वाद कोठे आहे ते कळते. दिलेले हुकूम 'हिस्ट्री' म्हटले की पुन्हा दिसतात. कंट्रोल आणि आर दाबून दोन अक्षरे टंकली, तर जुना हुकूम स्वतः वर येतो. आम्ही याला यंत्राचे इतिवृत्त म्हणतो.

यंत्राची निगाही याच वाटेने. फाइल साठवली जात नसेल तर 'डी एफ डॅश-एच' जागा किती उरली ते सांगतो. 'डी यू डॅश-एस-एच तारा | सॉर्ट डॅश-एच' कोणते दप्तर किती जागा खाते ते लावून दाखवितो, सर्वांत मोठे तळाशी. येथे तारा म्हणजे ते चांदणीचे चिन्ह, अर्थात 'सर्व काही'. पुसणारा हुकूम आर एम. त्याला कचऱ्याची टोपली नाही, गेले ते गेले. म्हणून जी नावे पुसावयाची ती आधी एल एस ने डोळ्यांखाली घालावी, मग त्याच ओळीत एल एस च्या जागी आर एम लिहावे. ताऱ्यानंतर चुकून एक मोकळी जागा पडली तर सर्व फाइली जातील.

अधिक शिकावयाचे असेल त्यांच्यासाठी पवईच्या आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' या नावाने लिनक्सचे पाठ मराठी आवाजातही तयार केले आहेत. आणि कोणत्याही हुकुमाच्या नावाआधी 'मॅन' लिहिले, की त्याची माहिती पडद्यावर येते. ती इंग्रजीत असते. बाहेर पडण्यास क्यू दाबावे.