पापे पदरी घेणे
प्रार्थनेची वाट : लेखांक 7

मागच्या लेखात आपण उपकारस्तुतीविषयी बोललो. आज प्रार्थनेतला असा भाग घेऊ, जो आपण सगळ्यात घाईने उरकतो. ‘कळत नकळत झालेल्या पापांची क्षमा कर’ एवढं म्हणायचं की लगेच आजारपण, पाऊस, मुलांची परीक्षा. दुकानदाराच्या बिलाखाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ छापलेलं असतं, तसं हे वाक्य आपल्या प्रार्थनेखाली छापलेलं आहे. बिलात नेमकी चूक कुठे झाली हे त्या ओळीतून कळत नाही. आपलं पाप कोणतं, हे या वाक्यातूनही कळत नाही.

आपल्या मराठी पवित्र शास्त्रात योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात यासाठी एक शब्दप्रयोग आहे : पापे पदरी घेणे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘तेच म्हणणे’, म्हणजे देव ज्याला चोरी म्हणतो त्याला आपणही चोरीच म्हणणे. पण मराठीतला पदर मला अधिक जवळचा वाटतो, कारण तो मी रोज पाहतो.

आमच्या चिंचपाड्याकडे तूर भरपूर. नवापूरच्या तूरडाळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती हीच तूर. झोडणी झाली की खळ्याच्या कडेला सांडलेले दाणे बायका वेचतात. डाव्या हाताने पदराची दोन्ही टोकं धरून झोळी करायची आणि उजव्या हाताने दाणे, खडे, शेंगांची टरफलं जे हाती लागेल ते त्यात टाकायचं. निवडायचं नंतर. पदरात काय आहे ते शेजारून जाणाऱ्या कुणालाही दिसतं. जे दिसू द्यायचं नसतं ते कमरेला खोचलं जातं. पापाचंही असंच आहे. बहुतेक पापं आपण कमरेला खोचून चर्चमध्ये येतो आणि रिकामा पदर देवापुढे पसरतो.

मी काय खोचलं होतं ते सांगतो, कारण ते न सांगता या विषयावर लिहिणं मला शोभणार नाही. माझ्या शेताला लागून नात्यातल्या एका काकीचं शेत आहे. काका वारले, मुलं ऊसतोडीला गुजरातेत जायची. दर जूनमध्ये नांगरताना मी तिच्या बाजूचं शेवटचं तास बांधात जरा आत घालायचो. वर्षाला फार तर वीतभर. बांध कोरणं हे पाप शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. त्यात आरडाओरडा नाही, पंचनामा नाही, पहिल्या पावसानंतर माती सारखी झाली की पुरावाही नाही. सहा वर्षं हे चाललं. त्या सहाही वर्षांत मी महिन्याच्या महिन्याला प्रभुभोजन घेत होतो, आणि दोन वर्षं तर संडे स्कूलच्या मुलांना दहा आज्ञा शिकवत होतो. शेजाऱ्याची सीमाखूण सरकवू नये, हे अनुवादाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. ते मला पाठ होतं.

गुप्त पापाचं पहिलं काम आपल्याला देवापासून पळवून लावणं हे नसतं. तेवढं झालं असतं तर आपण लवकर सावध झालो असतो. ते आपल्याला देवाच्या घरातच ठेवतं, फक्त एका खोलीला कुलूप लावतं. हळूहळू आपण त्या खोलीवरून जाणारे सगळे रस्ते टाळतो. मी बांधाशी संबंधित वचनं वाचायचं टाळत होतो. काकीच्या घरावरून जाणंही टाळत होतो आणि त्याला ‘कामाची गडबड’ म्हणत होतो.

यहोशवाच्या सातव्या अध्यायातला आखान आठवा. एक शिनारी झगा, 200 शेकेल रुपं आणि 50 शेकेल वजनाची सोन्याची वीट त्याने लुटीतून चोरून डेऱ्यात पुरली होती. शोध एकदम त्याच्यावर आला नाही. आधी वंश निवडला गेला, मग कूळ, मग घराणं, मग माणूस. दर पायरीला तो पुढे येऊन बोलू शकला असता. बोलला तो शेवटी, नाव निघाल्यावर. तरीही यहोशवाने त्याला मुलगा म्हणूनच हाक मारली. हा अध्याय शिक्षेसाठी सांगितला जातो. मला त्यातला तो संथ शोध जास्त अस्वस्थ करतो, कारण तेवढा वेळ मलाही मिळत होता.

आता स्तोत्र 32 कडे येऊ, आजच्या लेखाचा गाभा तिथे आहे. गप्प राहिल्याने हाडं झिजली, उन्हाळ्यात ओल आटावी तसा जीव सुकला, असं दावीद सांगतो. पण इब्रीत एक बारीक गोष्ट आहे. ज्याचं पाप झाकलं गेलं तो धन्य, असं पहिल्या ओवीत येतं. पुढे पाचव्या ओवीत दावीद म्हणतो की मी आपलं पाप झाकलं नाही. दोन्हीकडे ‘झाकणे’ हा एकच धातू आहे. पाप झाकलं जाणार हे नक्की, प्रश्न एवढाच की कोणी झाकायचं. मी झाकलं तर ते आत कुजतं. मी उघडं केलं तर देव झाकतो. एदेन बागेत आदाम आणि हव्वा यांनी अंजिराची पानं शिवली होती, ती टिकण्यासारखी नव्हतीच. देवाने त्यांना चामड्याची वस्त्रं करून घातली. आणि रूथच्या पुस्तकात तर थेट पदरच आहे : बवाज रूथला अंगावरचं वस्त्र पसरून धरायला सांगतो आणि त्यात सहा मापं सातू मोजून घालतो. पसरलेल्या वस्त्रातच काही घालता येतं.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात हे सगळ्यात मोठ्या प्रमाणावर घडलं ते केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी रोजच्या खास प्रार्थनेसाठी मुलींना बोलावलं, तेव्हा सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय नेहमीच्या शांत पद्धतीने शिकवत असताना मुली रडू लागल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आपापली पापं बोलू लागल्या. दगड हातात घेतलेले लोक आपलं पाप आठवून एकेक करत निघून जातात, तोच हा अध्याय. त्या मुली कोण होत्या हे विसरू नये. दुष्काळात आईबाप गेलेल्या, टाकून दिलेल्या, बालविधवा. जगाने त्यांच्यावर केलेलं पाप डोंगराएवढं होतं. तरी आपल्यालाही देवापुढे काही सांगायचं आहे, हा मान त्यांनी सोडला नाही. मी ‘मान’ हा शब्द विचार करून वापरतो. पाप कबूल करू शकणारा माणूस हा नुसता परिस्थितीचा बळी उरत नाही.

मात्र केडगावचं वाचून कुणी दर रविवारी सगळ्यांना उभं करून पापं बोलायला लावू नये. आपली गावं लहान आहेत. सकाळची ‘प्रार्थनाविनंती’ दुपारपर्यंत पाणवठ्यावर पोहोचते. कॅथलिक मंडळीत पापनिवेदन याजकाच्या कानात होतं आणि ते गुप्त ठेवण्याचं बंधन याजकावर असतं. आपण ती पद्धत पाळत नाही, पण त्यामागचं शहाणपण घ्यायला हरकत नाही. याकोबाचं पत्र एकमेकांजवळ पापे कबूल करायला सांगतं. त्यासाठी पोटात ठेवणारा एकच माणूस शोधावा, तो पुरे.

आणि एक गोष्ट ठामपणे. घरात बायकोला मारहाण होत असेल, लेकराशी कुणी वाईट वागलं असेल, तर ‘मी देवाजवळ कबूल केलं’ म्हणून ते मिटत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अशा ठिकाणी मंडळीची अब्रू राखायला झाकाझाक करणं म्हणजे पाप पदरी घेणं नव्हे, तो दुसरा आखान.

प्रत्यक्षात करायचं काय? मोठी तयारी लागत नाही. एकट्याने बसावं, एकच पाप घ्यावं, त्याला त्याच्या नावाने हाक मारावी. ‘माझ्या हातून कमतरता झाली’ असं नको. ‘मी काकीची जमीन चोरली’ असं. कारणं आठवतील, तीही पदरातच टाकावीत, पण पापाच्या वर नाही. रडू आलं नाही तरी चालेल. पश्चात्ताप डोळ्यांनी मोजू नये. मग ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जावं. गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हिशोब दिलेला आहे : कबुली, पूर्ण भरपाई आणि वर पाचवा हिस्सा. जक्कयाने तर चौपट देऊ केलं.

मी मे महिन्यात, नांगरटीच्या आधी, काकीकडे गेलो. ती ओट्यावर डाळ पाखडत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, “तुझ्या बांधापासून माझं मोहाचं झाड चार पावलांवर होतं. आता तीन पावलांवर आहे. मोह कुठं चालतो, भाऊ? बांधच चालला.”

तिला सहा वर्षं ठाऊक होतं. देवालाही ठाऊक होतं. फक्त मीच एकटा ते गुप्त समजत होतो.

त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी दोरी धरून बांध मागे घेतला. सहा हंगामांची तूर अंदाजाने काढली, पाचवा हिस्सा वर घातला. तिने थोडी घेतली, थोडी परत पाठवली. त्यानंतर पहिल्यांदा मी स्तोत्र 32 मध्येच न थांबता शेवटपर्यंत वाचलं.

पुढच्या लेखात, ज्याने आपलं नुकसान केलं त्याला क्षमा कशी करावी, हे पाहू. तोपर्यंत एक करा : आज रात्री ‘कळत नकळत’ हे शब्द वगळून प्रार्थना करा. आमचा बांध आता मोहापासून पुन्हा चार पावलांवर आहे.