कोकणातील कौटुंबिक हापूस बागा : इतिहास आणि समस्या

प्रस्तावना :
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आंबा बागायती प्रामुख्याने कौटुंबिक स्वरूपाची आहे. तिच्या अडचणींची चर्चा बहुधा हवामान व बाजारभाव यांपुरती मर्यादित राहते. सामाईक मालकीच्या प्रश्नाकडे मात्र तुलनेने दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
कोयीपासून वाढलेल्या रायवळ झाडाचे फळ मूळ झाडासारखे निपजेलच असे नसते. कलमामुळे मूळ झाडाचे गुण टिकतात. कलमी आंब्याची परंपरा पोर्तुगीज काळात गोव्यात रुजली व तेथून कोकणात पसरली. आफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून ‘हापूस’ हे नाव रूढ झाले, असे मानले जाते. स्वातंत्र्योत्तर काळात १९४८ चा कुळकायदा व १९४९ चा खोती निर्मूलन कायदा यांमुळे अनेक कसणाऱ्या कुटुंबांना जमिनीच्या मालकीचा मार्ग मोकळा झाला. पुढे १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाली आणि वरकस जमिनीवरही कलमे उभी राहिली.

समस्येचे स्वरूप :
हापूसचे झाड अनेक दशके फळ देते. म्हणजेच लावणारा एक व उपभोगणारे त्याचे वारस, अशी या बागेची रीत आहे. परंतु पिढीगणिक सातबाऱ्यावरील नावे वाढत जातात. त्यांपैकी अनेक वारस नोकरीनिमित्त मुंबईत असतात. कर्ज काढणे किंवा जुनी झाडे काढून नवी लावणे यांसाठी सर्वांची संमती मिळविणे कठीण जाते. खत, फवारणी व राखण यांचा भार गावी राहणाऱ्या एखाद्याच भावावर पडतो. परिणामी बाग कराराने देण्याकडे कल वाढतो.

हापूस निसर्गतः एका वर्षाआड भरपूर फळतो. नियमित व लवकर मोहोरासाठी पॅक्लोब्यूट्राझोल हे संजीवक वापरले जाते. योग्य मात्रा व पुरेसे खत असल्यास ते उपयुक्त ठरते. अतिरेकी वापराने मात्र झाड दुर्बल होते. अल्प मुदतीच्या करारदाराला झाडाच्या पुढील आयुष्याची चिंता करण्याचे कारण उरत नाही. २०२० चे ‘निसर्ग’ व २०२१ चे ‘तौक्ते’ या चक्रीवादळांनी कोकणातील बागांची हानी केली. पडलेल्या झाडांच्या जागी नवी लागवड करतानाही सहहिस्सेदारांच्या संमतीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

समारोप :
२०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. त्यामुळे नावाचे संरक्षण झाले. झाडाचे संगोपन कोणी करावे, हा प्रश्न मात्र कुटुंबाच्या कक्षेतच राहिला. वारसांनी आपसात लेखी व्यवस्था करून बाग सांभाळणाऱ्यास निर्णयाचा अधिकार व श्रमाचा वेगळा मोबदला द्यावा. तसेच करार दीर्घ मुदतीचे असावेत आणि त्यांत खत व संजीवकाच्या मात्रेच्या अटी असाव्यात. अन्यथा बाग कागदावर कुटुंबाची राहील, प्रत्यक्षात मात्र ती कोणाचीच राहणार नाही.