हापूस विमानात बसतो तेव्हा

आंबा परदेशी जातो म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पिवळाधमक, घमघमणारा आंबा येतो. तसा आंबा विमानात बसत नाही. बसतो तो हिरवा, कडक आणि जवळजवळ बिनवासाचा. बागायतदाराच्या भाषेत तो ‘चौदा आणे’ तयार असतो. उरलेले दोन आणे त्याने वाटेत आणि परक्या मुलखात पुरे करायचे.

मी कविता लिहिणारा माणूस, व्यापारी नव्हे. पण रत्नागिरीकडे जन्मलेल्याला आंब्याच्या हिशेबातून सुटका नाही. आमच्या मुसलमान वाड्यांतून घरटी कुणी ना कुणी आखातात असतो, आणि सुटी संपवून परतताना तो एक पेटी बरोबर नेतोच. ती माया झाली. निर्यातीचा आंबा मात्र तोलला जातो, तपासला जातो आणि पुष्कळदा नाकारला जातो.

चौदा आणे ओळखायचे कसे? आमचे चाचा फळाचे खांदे बघत. देठाशी खळगा पडून दोन्ही बाजू वर आल्या की फळ भरले. दुसरी परीक्षा पाण्याची. तयार फळ बुडते, कोवळे तरंगते. कोवळा आंबा पिकत नाही, नुसता सुरकुततो. झाडावर जास्त राहिलेल्या हापूसात साक्याची भीती असते. वरून देखणा आणि आत पांढरा, आंबट, स्पंजासारखा गर. म्हणून दिवस मोजून, झेल्याने, देठ राखून काढणी करायची. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो, आणि डागाचे फळ परदेशी जात नाही.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. फळमाशी सालीखाली अंडी घालते. दुसरा एक भुंगा थेट कोयीतच राहतो. बाहेरून फळ निर्दोष दिसते. आपल्याकडची कीड आपल्या बागांत शिरू नये असे दुसऱ्या देशाला वाटले, तर त्याला दोष देता येत नाही. पण प्रत्येकाने उपाय निराळा ठरवला आहे. युरोपसाठी आंब्याला ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात. जपानसाठी गरम वाफ, गर ४७.५ अंशांवर २० मिनिटे राहायला हवा. अमेरिकेसाठी विकिरण, म्हणजे किमान ४०० ग्रे इतकी किरणांची मात्रा. त्याने किडीची वाढ आणि वंश थांबतो. आंबा किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढून आलेला माणूस होतो का? तसेच हे.

अमेरिकेचे दार १९८९ पासून बंद होते, ते २००७ मध्ये उघडले. त्या वेळी आंब्याच्या विकिरणाची सोय होती लासलगावला, कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून उभारलेल्या केंद्रात! कोकणातला आंबा घाट चढून नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या गावी जायचा आणि पुन्हा विमानासाठी मुंबईला उतरायचा. आता वाशीतच सोय आहे. युरोपने १ मे २०१४ पासून, ऐन हंगामात, फळमाशीच्या कारणाने आंबा बंद केला होता. ती बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली.

विमानाचे भाडे वजनावर किंवा आकारमानावर, जे जास्त भरेल त्यावर. हवेसाठी भोके पाडलेला खोका जागा अडवतो, त्या जागेचेही पैसे मोजावे लागतात. शिवाय पुष्कळसा आंबा प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. २०२० मध्ये ती विमाने थांबली आणि माल पाठवणे महाग झाले. अमेरिकेला तर २०२० आणि २०२१ हे दोन्ही हंगाम आंबा गेलाच नाही, कारण विकिरणाच्या वेळी त्यांचा निरीक्षक हजर लागतो आणि तो महामारीमुळे येऊ शकला नाही. २०२२ मध्ये गाडी पुन्हा रुळावर आली.

मग मे २०२५. नवी मुंबईत ८ आणि ९ मे रोजी विकिरण झालेल्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. आक्षेप किडीचा नव्हता, विकिरणाच्या दाखल्याचा होता. निर्यातदारांपुढे दोन पर्याय ठेवले गेले: माल परत न्या किंवा तिथेच नष्ट करा. नाशवंत फळ परत आणायचे भाडे कोण भरणार? आंबा नष्ट केला गेला. नुकसान सुमारे ५ लाख डॉलरचे सांगितले गेले. झाडावर चढणाऱ्या गड्यापासून खोका चिकटवणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांनी आपले काम चोख केले असेल, तरी एका कागदापुढे त्याची किंमत शून्य.

यंदा भाच्याने विचारले, “मामू, बाग निर्यातीसाठी नोंदवू का?” ‘मँगोनेट’वर नोंद झाली की खोक्यावरून थेट बागेचा माग लागतो, फवारणीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. मी म्हटले, “नोंदव. फवारणीची वही नीट राहिली तर तुझ्याच फायद्याची आहे. पण सगळा आंबा एका विमानात बसवू नकोस.” त्याच्या दोन बागा आहेत. एक त्याने नोंदवली. दुसरीतल्या पेट्या नेहमीसारख्या वाशीच्या ट्रकमध्ये चढतील.