देवावरचा हक्क

मराठी भक्तिपरंपरेत देवाचे होणे म्हणजे देवाच्या घरचे होणे. पंढरीचा विठ्ठल संतांच्या बोलण्यात राजा म्हणून क्वचित आणि आई म्हणून वारंवार येतो. पंढरपूर हे माहेर ठरते. सासरी गांजलेली लेक माहेरी आली की रडते, रुसते, ‘इतके दिवस मला न्यायला का आला नाहीत’ म्हणून बोल लावते. संतांचे विठ्ठलाशी बोलणे याच सुरातले आहे. त्यामुळे संकटात देवाच्या प्रेमावर भरवसा ठेवणे याचा अर्थ या परंपरेत मुकाट सोसणे असा कधीच राहिला नाही. जो आपला आहे त्याला जाब विचारता येतो, आणि जाब विचारूनही त्याचे दार सोडावेसे वाटत नाही, हा या भरवशाचा गाभा आहे. दुष्काळ, वाळीत पडणे, वेठ, मारझोड, पोटच्या पोरांचे मृत्यू अशा प्रसंगांतून तो घडला, म्हणून त्याचा आढावा त्या प्रसंगांसकटच घ्यावा लागतो.

पहिली ठळक कहाणी आळंदीच्या चार भावंडांची. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला आणि गुरूच्या आज्ञेवरून ते पुन्हा संसारात परतले. धर्मशास्त्राला हे मान्य नव्हते. कुटुंब वाळीत पडले. प्रायश्चित्त म्हणून आईवडिलांनी देह सोडला आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही मुले पोरकी झाली, असे परंपरा सांगते. याच ज्ञानदेवांनी 1290 मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी पुरी केली आणि शेवटी जे पसायदान मागितले त्यात स्वतःसाठी काही नाही. दुष्टांचा दुष्टपणा जावो, त्यांची सत्कर्माची आवड वाढो, अशी ती मागणी आहे. मात्र हे औदार्य त्यांना सहज साधले असे समजू नये. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या मुक्ताईने बाहेरून त्यांची समजूत काढली, ही ताटीच्या अभंगांमागची कथा आहे. खचलेल्या माणसाला देवाच्या प्रेमाची आठवण बहुधा दुसरे माणूसच करून देते. मराठी संतकथांत ही गोष्ट पुन्हापुन्हा दिसते आणि ती हवी तितकी लक्षात घेतली जात नाही.

त्याच काळातल्या संतांत सर्वांत जवळचा, जणू घरातल्या चुलीपाशी ऐकू यावा असा आवाज जनाबाईचा आहे. गंगाखेडची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या घरी कामाला राहिली आणि तिथेच म्हातारी झाली. तिला स्वतःचे घर नव्हते, संसार नव्हता. पहाटे दळण, मग सडा, झाडलोट, पाणी, धुणे, गोवऱ्या. तिच्या अभंगांत विठ्ठल या प्रत्येक कामाला हात लावतो: जात्याचा खुंटा धरतो, केर भरतो, पाणी वाहतो, तिचे केसही विंचरतो. हा चमत्कार म्हणून वाचला तर निम्मा अर्थ हातातून जातो. जिच्या दिवसभराच्या कष्टांकडे कोणी वळून पाहत नाही अशा बाईने, आपल्याकडे पाहणारे कोणीतरी आहे, हे इतक्या बारकाव्याने लिहून ठेवले आहे. पहाटे दळायला आलेला विठ्ठल आपले पदक तिथेच विसरतो आणि जनीची वाकळ पांघरून देवळात जातो. मग चोरीचा आळ जनीवर येतो आणि तिला सुळावर द्यायला नेतात, अशी कथा आहे. सुळापाशी जनी स्तोत्र म्हणत नाही, देवाला खडसावते. सुळाचे पाणी होते. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही जनाबाईचे म्हणून जाते दाखवतात आणि वारीला आलेल्या बाया त्याला हात लावून पुढे जातात.

चोखामेळ्यापाशी मात्र हा प्रश्न फार अवघड होतो. मंगळवेढ्याचा हा महार विठ्ठलाचा परमभक्त, पण त्याला देवळात पाऊल टाकता येत नव्हते. आपला देव आपल्यावर माया करतो हे त्याला ठाऊक होते, आणि त्या देवाच्या दारातून माणसे आपल्याला हाकलतात हेही. 1338 मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली तो इतर मजुरांबरोबर गाडला गेला. नामदेवांनी त्याच्या अस्थी शोधून पंढरपुरात आणल्या. ज्या हाडांतून विठ्ठलाचे नाम ऐकू आले ती चोखोबाची, असे सांगतात. समाधी बांधली गेली ती महाद्वारासमोर, म्हणजे देवळाबाहेर. जिवंतपणी जिथे उभे राहावे लागले तिथेच मेल्यावरही.

चोखोबाच्या घरात पाच जण अभंग रचणारे होते: तो, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा. विटाळाची उत्पत्ती देहातच आहे, मग विटाळावाचून जन्मला कोण, असा सोयराबाईचा रोकडा सवाल आहे. कर्ममेळा आणखी पुढे जातो. बापाच्या वाणीत जी शरणागती आहे ती मुलाच्या वाणीत टिकत नाही. आम्हाला या जातीत घालून तुला काय मिळाले, असे तो देवाला समोरासमोर विचारतो. प्रेमावरचा भरवसा आणि अन्यायाविषयीचा संताप एकाच घरात, एकाच देवापुढे उभे आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचे आपले 1948 चे पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केले. मात्र चोखोबांच्या विनवणीवर समाधान मानायला त्यांची चळवळ तयार नव्हती, आणि ते योग्यच होते. देवावरचा विश्वास जेव्हा माणसांच्या अन्यायाला पांघरूण घालू लागतो तेव्हा तो विश्वास राहत नाही. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात तिथे प्राणांतिक उपोषण केले. 1 मेला सुरू झालेले हे उपोषण काही दिवसांनी सुटले आणि मंदिर खुले करण्याचा मार्ग मोकळा झाला. चोखोबाच्या मृत्यूला तेव्हा सहाशे वर्षे उलटून गेली होती.

मंगळवेढ्याच्याच दामाजीपंतांची कथा दुष्काळातल्या भक्तीचे दुसरे रूप दाखवते. बादशाही धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात होती, दारात माणसे उपाशी मरत होती. पंतांनी कोठारे लुटवली. पुढे विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बादशहाकडे पैसे भरले, असे परंपरा सांगते, आणि महिपतींसारख्या चरित्रकारांमुळे ही कथा घरोघर पोचली. तिच्यातला क्रम महत्त्वाचा आहे. पंतांनी आधी कोठारे उघडली. देव येईल याची हमी तेव्हा कोणी दिलेली नव्हती.

या साऱ्या परंपरेचा कस लागला तो तुकारामांच्या आयुष्यात. देहूचे हे घराणे महाजनकीचे, खाऊनपिऊन सुखी. दुकान, शेती, देवघेव सगळे होते. आईवडील वारले, भावजय गेली, थोरला भाऊ सावजी घर सोडून निघून गेला. त्यात 1630 साली पावसाने दडी मारली आणि गुजरात, खानदेश, दख्खन या साऱ्या मुलखात दोन वर्षे भीषण दुष्काळ पडला. मोगल, निजामशाही आणि आदिलशाही फौजांची धामधूम चालूच होती. याच सुमारास आदिलशाही फौजेने पुणे जाळले. तुकारामांचे दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखुमाबाई अन्न अन्न करीत गेली, पाठोपाठ मुलगा संतू गेला. हे त्यांनी स्वतःच अभंगांत सांगितले आहे, आणि सांगताना त्याला भक्तीचा मुलामा दिलेला नाही. आपल्याला लाज वाटली, जीव नकोसा झाला, असे ते सरळ म्हणतात. मग त्यांनी घराण्याचे पडके विठ्ठल मंदिर दुरुस्त करायला घेतले आणि डोंगरावर एकांतात बसू लागले.

त्या काळातल्या एका कृतीकडे विशेष लक्ष द्यायला हवे. घरात कुळांकडून येणे असलेल्या रकमांचे रोखे होते. धाकटा भाऊ कान्होबा याला त्याचे निम्मे रोखे देऊन तुकारामांनी आपल्या वाट्याचे निम्मे इंद्रायणीत बुडवले. दुष्काळाने नागवलेली कुळे त्या दिवशी कर्जातून सुटली. स्वतःचे घर बुडालेले असताना दुसऱ्यांचे देणे माफ करणे, हा देवाच्या प्रेमावर भरवसा असल्याचा कोणत्याही स्तोत्राहून सबळ पुरावा आहे. अर्थात त्याची किंमत जिजाईनेही मोजली. तुकारामांची ही दुसरी पत्नी ‘आवली’ या नावाने कजाग म्हणून रंगवली गेली आहे. घरात पोरे उपाशी असताना ती त्या काळ्या विठोबाला शिव्या देई, आणि भाकरी घेऊन डोंगरही चढे. तीही देवाशी भांडतच होती. तिच्या भांडणाची कोणी गाथा केली नाही, इतकेच.

तुकारामांचे अभंग सलग वाचले तर शांतीचे अभंग आणि तळमळीचे अभंग शेजारी शेजारी सापडतात. देव दिसत नाही म्हणून ते त्याला निष्ठुर म्हणतात, कंजूष म्हणतात, एका ठिकाणी तर आपल्यापुरता देव मेला असेही म्हणून जातात. गाथेच्या संपादकांनी हे अभंग गाळले नाहीत आणि वारकऱ्यांनी ते गायचे थांबवले नाही, यात या संप्रदायाची मोठी समज दिसते. पुढे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या तेव्हाही तुकाराम काठावर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसून राहिले, अशी कथा आहे. ते धरणे होते, आणि ते देवापुढे धरलेले होते.

तुकारामांची शिष्या बहिणाबाई (1628–1700) हिच्या आयुष्यात संकट घराबाहेरून आले नाही. देवगावच्या या ब्राह्मण मुलीचे लहानपणीच वयाने खूप मोठ्या बिजवराशी लग्न झाले. ती कीर्तनाला जाते, शूद्र तुकारामाला गुरू मानते, म्हणून नवरा तिला मारी. तिने हे आत्मचरित्रपर अभंगांत नोंदवले आहे. मराठीत एका स्त्रीने स्वतःच्या मारझोडीची अशी साक्ष तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवली. तिचा शेवटचा निर्णय नवऱ्याची सेवा करण्याचा आहे, आणि आजच्या वाचकाला तो खुपतो. पण गुरू कोण आणि देव कोणता, हे तिने मार खाऊनही दुसऱ्या कोणाला ठरवू दिले नाही.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला नवे वळण पंडिता रमाबाईंनी दिले. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असे. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण उपासमारीने गेली. होते नव्हते ते द्रव्य देवांच्या सेवेत खर्च झाले होते. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी चालत राहिले, आणि जुन्या श्रद्धेवरचा विश्वास त्या वाटेवरच ढासळला. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. महाराष्ट्रात त्यांच्यावर टीकेचे काहूर उठले. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. कमी आठवली जाते ती पुढची गोष्ट: 1896–97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बाया घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन यातूनच वाढले. ज्या मुलीने वीस वर्षांपूर्वी भूक सोसली होती तिनेच हाडांच्या सापळ्यांना पंगतीला बसवले. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली. रमाबाई तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करीत राहिल्या. 1922 मध्ये त्या वारल्या, आणि 1924 मध्ये ते भाषांतर छापून निघाले.

ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पुढची पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी कशी काढली ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. दुःख इतक्या निर्मळपणे आणि कडूपणा न ठेवता सांगणारे पुस्तक मराठीत दुसरे दाखवता येणार नाही. 1900 मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या, पण नवऱ्याच्या मागे फरफटत नव्हे, स्वतःच्या मनाचा कौल घेऊन. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली आणि अभंगाची चाल चर्चमध्ये नेली. धर्म बदलला, देवाशी बोलण्याची मराठी रीत बदलली नाही.

ती रीत अगदी अलीकडे पुन्हा कसाला लागली. 2020 मध्ये करोनाच्या साथीत पायी वारी थांबली. संतांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या, मोजकी माणसे बरोबर होती. पुढच्या वर्षीही तेच झाले. वारकऱ्यांनी घरी राहून हरिपाठ म्हटला आणि आषाढीला तुळशीपुढे हात जोडले. त्या दोन वर्षांत अनेक दिंड्यांतली माणसे साथीत गेली. 2022 मध्ये पायी वारी पुन्हा निघाली.

संकटातल्या माणसाला आपण ‘धीर धर, देव पाहतो आहे’ असे सांगून मोकळे होतो. तसे सांगण्याआधी प्रत्येकाने सकल संतगाथा उघडून कर्ममेळ्याचे मोजके अभंग आणि जनाबाईचे दळणाचे अभंग एका बैठकीत वाचावेत. ते परंपरेच्या काठावरचे नाहीत. पंढरीच्या देवाला जे बोलणे सर्वांत ओळखीचे आहे ते हेच.