रोंगेलापवरची राख

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी इथे ‘कॅसल ब्राव्हो’ ही हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. अंदाज सहा मेगाटनांच्या आसपासचा होता. स्फोट झाला पंधरा मेगाटनांचा. प्रवाळाचा भुगा आभाळात गेला, किरणोत्सारी अणू त्याला चिकटले आणि चार-सहा तासांत ती पांढरी राख दीडशे किलोमीटरपलीकडच्या रोंगेलाप बेटावर पडू लागली. मुलं तिच्यात खेळली. लोकांना तिथून हलवलं ते दोन दिवसांनी.

हे दोन दिवस किती महाग पडले, हे राखेचा किरणोत्सार कसा ओसरतो ते पाहिलं की कळतं.

अणू फुटले की शेकडो प्रकारचे किरणोत्सारी अणू जन्मतात. प्रत्येक प्रकाराचा अर्धायुकाल ठरलेला असतो. तेवढ्या वेळात त्यातले निम्मे अणू किरण सोडून बदलून जातात, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्यातले निम्मे. कुणाचा अर्धायुकाल काही सेकंदांचा, आयोडिन-१३१ चा ८ दिवसांचा, सिझियम-१३७ चा ३० वर्षांचा. राख जाळा, भिजवा, पुरा. हा वेग बदलत नाही. अल्पायुषी अणू झपाट्याने बदलतात, म्हणून सुरुवातीचा किरणांचा मारा भयंकर असतो आणि ते संपतील तसा तो कोसळतो. मागे उरतात ते संथ अणू, त्यामुळे पुढची घट मंदावते.

या सगळ्या मिश्रणासाठी एक ढोबळ नियम आहे: स्फोटानंतरचा वेळ सातपट झाला की मारा एक दशांशावर येतो. पहिल्या तासाला तो १००० मानला, तर ७ तासांनी १००, ४९ तासांनी १० आणि ३४३ तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांनी, १. साधारण सहा महिन्यांपर्यंत हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. मात्र नवी राख पडत नसेल तरच.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. घड्याळ स्फोटापासून चालतं, राख पडल्यापासून नाही. रोंगेलापवर राख पाचव्या तासाला आली असं धरलं, तर मारा दहा पटींनी कमी व्हायला पस्तिसावा तास उजाडावा लागतो. त्यापुढच्या दहापट घटीसाठी थेट दहावा दिवस. म्हणजे सगळ्यात तीव्र तास रहिवाशांनी त्या राखेतच काढले.

हा नियम सांगतो तो फक्त जमिनीवरच्या राखेतून येणारा मारा. पोटात काय जातं, हे तो सांगत नाही. आयोडिन पाण्या-अन्नातून थायरॉइड ग्रंथीत साठतं. ऐंशी दिवसांत त्याचा हजारावा भाग उरत असला, तरी तोवर ग्रंथीचं नुकसान झालेलं असतं. रोंगेलापच्या मुलांमध्ये पुढे थायरॉइडच्या गाठी आढळल्या. स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमसारखं हाडांत शिरतं. सिझियम वागतं पोटॅशियमसारखं, आणि प्रवाळी मातीत पोटॅशियम कमी असल्याने नारळाची झाडं ते सहज ओढून घेतात.

१९५७ मध्ये लोकांना ‘आता धोका नाही’ म्हणून परत आणलं गेलं. बाहेरचा मारा खरोखरच खूप उतरला होता, पण खायचं होतं त्याच मातीतलं. माझ्या मते ही हिशेबातली चूक नव्हे, माणसांची हेळसांड होती. १९८५ मध्ये रहिवाशांनी स्वतःहून बेट सोडलं. १९५४ मधलं सिझियम तेव्हा कुठे निम्म्यावर आलं होतं. पुढे बिकिनीवरच्या प्रयोगांत नारळाला पोटॅशियमचं खत घातलं, तेव्हा फळात उतरणारं सिझियम बरंच घटलं. मातीतलं मात्र आपल्याच गतीने कमी होत राहिलं.